पाणथळीचे वन : आधी पाणी, मग रोप
(प्राथमिक शिक्षकांच्या केंद्रसभेतील भाषण)



प्राथमिक शाळेच्या पाठांत दलदल हा शब्द बहुधा वाईट अर्थानेच येतो. दलदलीत गाडीचे चाक रुतते, दलदलीत डास वाढतात, दलदलीची जमीन निरुपयोगी असते, असे मुले लिहितात आणि गुरुजी त्या उत्तरापुढे बरोबरची खूण करतात. हे उत्तर अगदीच चुकीचे आहे असे नाही. पण ते अपुरे आहे. सर्वच दलदल ओसाड नसते. काही दलदलींत वने उभी असतात, आणि ती वने असतात म्हणूनच त्यांच्या खालच्या अंगाचे ओहोळ उन्हाळ्यातही वाहत राहतात. अशी वने सह्याद्रीच्या दऱ्यांत आहेत, गोव्यात आहेत आणि महाराष्ट्रातही आहेत. ती फार थोडी उरली आहेत. ती कशी राखावी, आणि जेथे ती मोडली आहेत तेथे पुन्हा कशी उभी करावी, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

प्रथम या वनाची ओळख करून घेतली पाहिजे. स्वयंपाकघरातील जायफळ सर्वांना ठाऊक आहे. त्या जायफळाच्या कुळातील काही रानटी वृक्ष सह्याद्रीत वाढतात. त्यांपैकी मिरिस्टिका मॅग्निफिका आणि जिम्नाक्रँथेरा कॅनारिका हे दोन वृक्ष चिखलात पाय रोवून राहणारे आहेत. डोंगराच्या कुशीतून निघणारा लहानसा ओहोळ सखल भागात येऊन पसरतो, तेथे वर्षातील बराच काळ पाणी साचून राहते, आणि त्या काळ्या चिखलात हे वृक्ष दाटीने उभे असतात. त्यांच्या सोबतीला केवड्याच्या जातीची झुडपे आणि अळूच्या कुळातील वनस्पती असतात. वर पानांचे छप्पर इतके दाट असते की भर दुपारीही खाली मंद उजेड असतो. कर्नाटकातील उत्तर कन्नड जिल्ह्यात, सिद्धापूर तालुक्यात, अशा एका वनाचे नावच कत्तलेकान असे आहे. कानडीत ‘कत्तले’ म्हणजे अंधार आणि ‘कान’ म्हणजे सदाहरित रान. लोकांनी अनुभवाने दिलेले हे नाव किती यथार्थ आहे, हे त्या वनात पाऊल टाकताच कळते.

केरळच्या दक्षिण भागातील कुळत्तुपुळा, अंचल व शेंदुर्णी या परिसरातील अशा वनांची शास्त्रीय नोंद वनाधिकारी कृष्णमूर्ती यांनी १९६० साली केली. पुढे १९६८ साली चॅम्पियन व सेठ यांनी भारतातील वनांचे जे वर्गीकरण प्रसिद्ध केले, त्यात या वनांना स्वतंत्र स्थान मिळाले. केरळात अशी वने मोजण्यात आली तेव्हा सुमारे ६० तुकडे आढळले आणि त्या सर्वांचे मिळून क्षेत्र सुमारे १५० हेक्टर भरले. एका मोठ्या गावाच्या शिवारातही याहून अधिक जमीन असते. गोव्यात सत्तरी तालुक्यात बांबर येथे असे वन आहे; ते निरंकाराची राई म्हणून राखले गेले आहे. निरंकार म्हणजे ज्याला आकार नाही असा देव. महाराष्ट्रात सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या दोडामार्ग तालुक्यात हेवाळे-बांबर्डे येथील वनाची नोंद २०१८ साली प्रसिद्ध झाली, आणि २०२१ साली शासनाने त्याला जैवविविधता वारसास्थळाचा दर्जा दिला. त्याचे क्षेत्र अवघे २.५९ हेक्टर आहे. एवढासा तुकडा टिकला तो कोणत्याही कायद्यामुळे नव्हे. कायदा आला त्याच्या कितीतरी आधीपासून ग्रामस्थांनी ती देवराई म्हणून सांभाळली होती. देवराईत कुऱ्हाड चालवावयाची नाही, या एका नियमाने तिचे रक्षण केले.

आता या वृक्षांची एक गंमत पाहावी. ती मुलांना सांगितली तर ती कधी विसरणार नाहीत. वनस्पतीच्या मुळांनाही हवा लागते. भुसभुशीत मातीत कणाकणांमध्ये हवा असते. साचलेल्या चिखलात ती जवळजवळ नसते. मग दलदलीतील झाड श्वास कसे घेते? जिम्नाक्रँथेराची मुळे चिखलातून वर येतात, वाकतात आणि पुन्हा चिखलात शिरतात. मांडी मोडून बसलेल्या माणसाचा गुडघा जसा वर दिसतो, तशी ती दिसतात. म्हणून त्यांना गुडघेमुळे म्हणता येईल. या गुडघ्यांच्या सालीवरील सूक्ष्म छिद्रांतून हवा आत जाते. मिरिस्टिका मॅग्निफिकाचा प्रकार वेगळा आहे. त्याच्या बुंध्याच्या खालच्या भागातून मुळे फुटून तिरपी जमिनीत उतरतात आणि मांडवाच्या तिरक्या टेकूप्रमाणे झाडाला आधार देतात.

हा पाठ वर्गात प्रयोगाने शिकविता येतो आणि त्याला खर्च नाही. दोन रिकामे डबे घ्यावे. एकाच्या बुडाला भोके पाडावी, दुसऱ्याच्या पाडू नयेत. दोहोंत सारखीच माती भरून वालाचे बी पेरावे. रोपे वीतभर झाली की दोन्ही डब्यांना भरपूर पाणी घालीत जावे. भोके नसलेल्या डब्यातील रोप काही दिवसांत पिवळे पडू लागते. पाणी असूनही रोप मरते, हे पाहून मुले चकित होतात. त्या क्षणी गुरुजींनी सांगावे की दलदलीतील झाडांनी ही अडचण गुडघा वर काढून सोडविली आहे. ज्या झाडाला ही युक्ती साधलेली नाही, ते दलदलीत लावले तर मरणार. आणि ज्याला ती साधली आहे, त्याचे रोप कोरड्या माळावर लावले तर तेही मरणार. आजच्या विषयाचे अर्धे मर्म या दोन डब्यांत आले.

ही वने कमी का झाली, याचे उत्तर देताना कोणालाही गुन्हेगाराच्या पिंजऱ्यात उभे करण्याचे कारण नाही. सखल, ओली, पालापाचोळ्याने काळी झालेली जमीन कोणत्याही कष्टाळू शेतकऱ्याच्या डोळ्यांत भरणारच. सह्याद्रीच्या पायथ्याशी अशा जागी भातखाचरे झाली, पोफळीच्या बागा झाल्या, कुळागरे उभी राहिली. त्यांवर अनेक कुटुंबांचा संसार चालला. कोठे ओहोळाला बांध घालून पाणी पाटाने दुसरीकडे नेले, कोठे रस्त्याच्या भरावाने पाण्याची वाट अडली. एखाद्या ठिकाणी झाड एकही तोडले नाही; फक्त पाणी वळविले. पुढे चिखल सुकला, नवी रोपे धरेनाशी झाली, आणि जुनी झाडे वठल्यावर त्यांच्या जागी दुसरेच रान आले. वन कुऱ्हाडीनेच मरते असे नाही, ते तहानेनेही मरते.

हानी केवळ काही झाडांची होत नाही. धनेश पक्षी या कुळातील फळांवर येतात. तांबड्या सालपटाने वेढलेले बी ते गिळतात, सालपटाचा अंश पचवितात आणि बी दूर कोठेतरी टाकतात. त्या पक्ष्याने टाकलेले बी म्हणजे वनाची पेरणीच होय. २००० साली कत्तलेकानच्या दलदलीतून बिब्ब्याच्या प्रजातीतील एक नवा वृक्ष शास्त्रज्ञांनी नोंदविला आणि त्याला त्या रानाचेच नाव दिले : सेमेकार्पस कत्तलेकानेन्सिस. त्याची मोठी झाडे फारच थोडी सापडली. २०१३ साली केरळातील अशाच वनांतून शास्त्राला तोवर अज्ञात असलेला एक झाडबेडूक नोंदला गेला. ज्या जमिनीला निरुपयोगी म्हणून वहीत लिहिले जाते, तिच्यात एकविसाव्या शतकातही नवे जीव सापडत आहेत.

मोडलेले पाणथळ वन पुन्हा उभे करता येईल काय? येईल; परंतु त्याची रीत माळावरील वृक्षारोपणाहून वेगळी आहे. त्या रीतीत क्रम चुकला तर श्रम वाया जातात. क्रम असा : आधी पाणी, मग तेथलेच झाड, मग दीर्घकाळची राखण.

पाण्याचा क्रम पहिला का, हे समजण्यासाठी एक दूरचे उदाहरण उपयोगी पडेल. इंडोनेशियातील बोर्निओ बेटावर, मध्य कालिमंतान प्रांतात, दलदलीची विस्तीर्ण वने होती. तेथील दलदल सह्याद्रीसारखी ओहोळाकाठची नव्हे. अर्धवट कुजलेल्या पालापाचोळ्याचे कित्येक मीटर जाडीचे थर साचून ती झाली आहे. या थरांना पीट म्हणतात. १९९५ च्या अखेरीस तेथील सरकारने सुमारे १० लाख हेक्टर क्षेत्रात भातशेती करण्याची योजना हाती घेतली. झाडे तोडली गेली आणि हजारो किलोमीटर लांबीचे कालवे खणले गेले. कालव्यांनी दलदलीतील पाणी वाहून नेले. भात काही पिकले नाही. मात्र सुकलेला पीट १९९७ साली पेटला आणि जमिनीच्या पोटात धुमसत राहिला. त्याचा धूर शेजारच्या देशांपर्यंत गेला. ती योजना पुढे सोडून देण्यात आली. २०१५ साली पुन्हा मोठे वणवे लागले, आणि २०१६ साली अशा जमिनींच्या पुनरुज्जीवनासाठी त्या देशाने स्वतंत्र यंत्रणा स्थापन केली. त्या कामाचा पहिला भाग रोपे लावण्याचा नव्हता. खणलेले कालवे जागोजाग अडवून पाणी पुन्हा जमिनीत मुरविण्याचा होता. त्यानंतर बालांगेरान, जेलुतुंग यांसारखे तेथलेच दलदलीचे वृक्ष लावण्यात आले. रोप पाण्यात बुडून जाऊ नये म्हणून काही ठिकाणी मातीचे लहान उंचवटे करून त्यांवर ते लावतात. जे कालवे खणावयास थोडी वर्षे लागली, त्यांचे परिणाम निस्तरावयास कित्येक दशके लागणार आहेत.

कालिमंतानचा आवाका प्रचंड, सह्याद्रीतील तुकडा इवलासा. पण धडा एकच. कोकणातील एखाद्या राईच्या काठची दलदल सुकली असेल, तर रोपांची मागणी करण्याआधी गावातील जाणत्या माणसांना विचारले पाहिजे : पूर्वी व्हाळाचे पाणी कोठून येत असे? ते कोणी आणि केव्हा वळविले? बागेला लागणारे पाणी राईच्या वरून घेण्याऐवजी राईच्या खालच्या अंगाला घेता येईल काय? ओहोळाच्या दोन्ही काठांवरील एक पट्टा मोकळा सोडता येईल काय? या प्रश्नांची उत्तरे शाळेत मिळणार नाहीत. ती ग्रामसभेत मिळतील. ज्याची बाग आहे त्याच्या गरजेचा मान राखूनच ती काढावी लागतील. त्याला विश्वासात न घेता केलेले काम एका पावसाळ्याच्या पुढे टिकत नाही.

दुसरा क्रम झाडाचा. येथे मोह टाळला पाहिजे. १९५० साली तत्कालीन केंद्रीय मंत्री कन्हैयालाल मुन्शी यांनी वनमहोत्सव सुरू केला, तेव्हापासून जुलै महिन्यात शाळाशाळांतून रोपे लावली जातात. हा उपक्रम स्तुत्य आहे. परंतु जे रोप सहज मिळते ते हवे तेथे लावावयाचे, ही सवय पाणथळ वनाच्या बाबतीत घातक ठरते. झपाट्याने वाढणारी परदेशी अकेशिया माळावर उभी राहील. दलदलीच्या काठी तिचे काम नाही. तेथे हवे ते तेथलेच झाड, आणि शक्यतो त्याच खोऱ्यातील झाडाचे बी.

हे बी साठवून ठेवता येत नाही. धान्याचे बियाणे सुकवून कणगीत ठेवले तरी पुढील वर्षी उगवते. रानजायफळाच्या कुळातील बी सुकले की मरते. म्हणून ते ताजे गोळा करून लगेच सावलीतील ओल्या वाफ्यात किंवा पिशवीत लावावे लागते. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. या वृक्षांत नर-झाड आणि मादी-झाड वेगळे असते. एखाद्या तुकड्यात दोन-चारच झाडे उरली आणि ती एकाच प्रकारची असली, तर तेथे बी धरणार नाही. म्हणून एकाच झाडाखालचे बी न आणता अनेक झाडांखालचे थोडे थोडे आणावे. सगळे बी कधीही उचलू नये. धनेशाचा आणि वनाचा वाटा जागेवर ठेवावा. राई देवाची असेल तर गावाची, आणि वनखात्याच्या ताब्यात असेल तर त्या खात्याची अनुमती घेतल्यावाचून एक बीही उचलू नये. उत्तर कन्नड जिल्ह्यात सिरसी येथील वनमहाविद्यालयातील अभ्यासकांनी दलदलीतील दुर्मिळ वृक्षांची रोपे रोपवाटिकेत वाढवून ती पुन्हा दलदलीत लावण्याचे काम केले आहे. त्यावरून हे काम अशक्य नाही, हे सिद्ध होते.

रोप लावावयाचे कोठे, हेही ठरविले पाहिजे. धडधाकट राईच्या आत खड्डे खणू नयेत. तेथे निसर्गाने स्वतःच पेरलेली रोपे असतात, ती पायांखाली चिरडली जातात, आणि गुडघेमुळेही दुखावतात. लागवड करावयाची ती मोडलेल्या काठावर, जेथे पाणी परत आले आहे पण बी पोहोचलेले नाही, अशा जागी. आणि ही रोपे सावलीत वाढणारी असल्याने उघड्या उन्हात एकटी न लावता उभ्या झुडपांच्या आडोशाने लावावी.

तिसरा क्रम राखणीचा. हा शिक्षकांच्या नित्य व्यवहारातील एका गोष्टीने उत्तम समजेल. शाळेत पट वेगळा आणि हजेरी वेगळी. जूनमध्ये पटावर चाळीस नावे चढविली, म्हणून चाळीस मुले शिकली असे कोणी म्हणत नाही. रोज किती आली, मध्येच किती गळली, वर्षअखेर किती वर चढली, यावरून शाळेची परीक्षा होते. रोपांचे मात्र लोक पट तेवढा सांगतात; हजेरी कोणी घेत नाही. इतकी हजार रोपे लावली, असे अहवालात येते. त्यांपैकी पुढच्या जूनमध्ये किती जगली, हे येत नाही. ज्याने आयुष्यभर हजेरीपत्रक भरले, त्या शिक्षकाने तरी ही चूक करू नये. पाणथळीच्या काठी वीसच रोपे लावावी. प्रत्येकाला क्रमांक द्यावा. वर्षातून दोनदा, पावसाळ्याच्या आधी आणि नंतर, त्यांची हजेरी घ्यावी. जे मेले त्याच्यापुढे कारण लिहावे : बुडाले, सुकले, गुरांनी खाल्ले. पाचव्या वर्षी हे पान पाहिले की पुढे काय करावयाचे ते कोणालाही समजेल. वीसांपैकी आठ जगली तर आठच लिहावी. खोटी हजेरी जशी मुलाचा घात करते, तशीच ती वनाचाही करते.

ज्या गावांत असे वन नाही, तेथील शिक्षकांना या विषयाचा उपयोग काय, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर सोपे आहे. प्रत्येक गावात पाणी धरून ठेवणारी एखादी जागा असते : ओढ्याचा काठ, झऱ्याचा उगम, तळ्याची कड. शाळेने तिची एक वही करावी. खुणा केलेला बांबू पाण्यात रोवून दर आठवड्याला पातळी लिहावी. काठावरील पाच झाडे निवडून त्यांना फुले केव्हा आली, फळे केव्हा पिकली, ती खावयास कोण आले, हे मुलांनी नोंदवावे. दहा वर्षांची अशी वही ज्या शाळेत असेल, तिच्याकडे वनखात्याचा माणूसही विचारावयास येईल. या नोंदीत भाषा आहे, गणित आहे, परिसर-अभ्यास आहे. वेगळा तास काढावा लागत नाही. सावधगिरी मात्र बाळगावी. पावसाळ्यात मुलांना दलदलीत उतरवू नये. साप आणि जळवा यांची आधी कल्पना द्यावी. बिब्ब्याच्या कुळातील झाडांचा चीक अंगाला लागला तर फोड येतात, म्हणून अनोळखी झाडाची साल किंवा फांदी मोडू देऊ नये. गावातील एखादा जाणता गृहस्थ सोबत असल्याशिवाय मुलांना रानात नेऊ नये. त्या गृहस्थाला झाडांची जी नावे ठाऊक असतील, ती मुलांनी वहीत जशीच्या तशी उतरून घ्यावी. ती नावे बोलणारी पिढी निघून गेली की ती पुन्हा मिळणार नाहीत.

देवराईविषयी बोलताना शिक्षकाने दोन टोके टाळावी. देवाच्या कोपाची भीती घालून मुलांना राखण शिकवू नये. भीती गेली की राखणही जाते. उलट, आजोबांच्या श्रद्धेची थट्टाही करू नये. ज्या नियमाने अडीच हेक्टर वन आजवर राहिले, तो नियम वाडवडिलांच्या शहाणपणाचा होता, एवढे सांगावे. आणि त्या नियमाचे कारण काय, हे दोन डब्यांच्या प्रयोगाने पटवून द्यावे. श्रद्धेने जे राखले ते समजून राखणारी पिढी घडविणे, हेच शाळेचे काम होय.

आज लावलेले रोप गुडघा वर काढून श्वास घेऊ लागेल, त्याला फळ धरेल आणि त्यावर धनेश येऊन बसेल, तोवर ते लावणारा विद्यार्थी बाप झालेला असेल आणि गुरुजी सेवानिवृत्त होऊन गेलेले असतील. शिक्षकाला याचे नवल वाटू नये. पहिलीच्या वर्गात ‘ग गवताचा’ शिकविणारा गुरुजी त्या मुलाचे पुढे काय झाले हे पाहावयास क्वचितच उपस्थित असतो. तरी तो शिकवितो. त्याच धीराने हे काम करावयाचे आहे. येत्या पावसाळ्याच्या आधी प्रत्येक शाळेने गावातील एक पाणथळ जागा पाहून ठेवावी, तिची वही उघडावी, आणि पहिल्या पानावर रोपांची संख्या लिहिण्यापूर्वी पाण्याची पातळी लिहावी.